विद्यापीठाने लावलेले दिवे

घरी विजेचं बिल आलं की मराठी माणूस आधी रक्कम पाहतो, मग मागच्या महिन्याची रक्कम पाहतो आणि मग घरातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने पाहतो. गिझर कोणी चालू ठेवला होता, बाल्कनीतला दिवा रात्रभर का जळत होता, याची रीतसर चौकशी होते. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे शब्द त्याला कुठल्याही शाळेने शिकवलेले नसतात. वीजबिलाने त्याला ते प्रौढ वयात शिकवलेले असतात. हाच माणूस सकाळी साडेदहाला प्राध्यापक म्हणून विभागात शिरला की पंखे आणि ट्यूब तळहाताच्या एका फटकाऱ्यात चालू करतो, तसाच चहाला निघून जातो आणि परत आल्यावर त्याला एवढंच जाणवतं की खोली मस्त गार झाली आहे.

यात त्याच्या चारित्र्याचा दोष नाही. विद्यापीठाला उच्चदाबाचं एकच कनेक्शन असतं, एकच मीटर, एकच बिल. ते बिल अभियंत्यांच्या टेबलावर येतं, टिपणी लागून वित्त विभागात जातं, तिथे तपासलं जातं, कुलसचिवांच्या सहीला जातं आणि मुदतीच्या आदल्या दिवशी भरलं जातं. वाटेत त्यावर भरपूर सह्या होतात. सही करणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात वर्गातला स्विच नसतो. आणि स्विच ज्यांच्या हातात असतो, त्या शेकडो प्राध्यापकांनी आणि हजारो विद्यार्थ्यांनी ते बिल जन्मात पाहिलेलं नसतं. विद्यापीठातल्या ऊर्जाबचतीची सगळी गंमत या दोन टोकांच्या मधल्या अंतरात आहे. दिवे बदलले, पंखे बदलले, समित्या तर फारच बदलल्या. अंतर तेवढंच राहिलं.

आपली सगळ्यात जुनी विद्यापीठं विजेच्याही आधीची. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याचा राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये आणि एडिसनचा दिवा प्रयोगशाळेत पेटला १८७९ मध्ये. म्हणजे फोर्टातल्या त्या इमारती उभ्या करणाऱ्यांनी दिवसाच्या उजेडासाठी एकाच पुरवठादारावर भिस्त ठेवली होती. तो रोज पूर्वेला हजर व्हायचा, त्याची निविदा काढावी लागत नव्हती आणि त्याचं भारनियमन फक्त जुलै-ऑगस्टात असायचं. म्हणून उंच छत, उंच खिडक्या, भोवती व्हरांडा. दीक्षान्त सभागृहातल्या गोल खिडकीच्या रंगीत काचांवर बारा राशी आहेत, त्यामुळे तिथे उजेडसुद्धा पंचांग बघून आत येतो.

आताच्या इमारतीत खिडकी असते, पण ती उघडायची नसते. मे महिन्यात भरदुपारी बाहेर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो. वर्गात लिहायला-वाचायला तीनशेच्या आसपास लक्स पुरतात. म्हणजे बाहेरच्या उजेडाचा चिमूटभर वाटा आत घेतला तरी भागावं. पण खिडकीला पडदा आहे, कारण वर्गात प्रोजेक्टर आहे. प्रोजेक्टर लावला की पडदे ओढतात. पडदे ओढले की काळोख होतो, म्हणून दिवे लावतात. दिवे लावले की भिंतीवरची स्लाइड दिसेनाशी होते, म्हणून फळ्याजवळचे दोन दिवे मालवायला जातात. ते दोन कोणत्या स्विचवर आहेत हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून सगळेच मालवतात. सगळे मालवले की मागचे बाक झोपतात. म्हणून पुन्हा सगळे लावतात आणि सर म्हणतात, “राहू द्या, स्लाइड मी वाचूनच दाखवतो.” मग तासभर प्रोजेक्टर चालू, दिवे चालू, पंखे चालू, सूर्य बाहेर ताटकळत उभा, आणि शिकवणं मात्र तोंडी; १८५७ मध्ये जसं होत असेल तसंच.

इथे विद्यापीठीय स्विचबोर्डाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तो नेहमी दाराच्या मागे असतो. दार पूर्ण उघडलं की तो झाकला जातो, म्हणून आत येऊन दार अर्धं लावायचं आणि मग अंधारात चाचपडायचं. बोर्ड मुळात पांढरा होता. आता त्याचा रंग विभागातल्या चहासारखाच नक्की सांगता येत नाही. त्यावर दोन रांगांत सोळा स्विच. एकाशेजारी बॉलपेनने ‘पंखा’ असं लिहिलेलं, पण तो पंखा पूर्वी होता. एका स्विचवर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ असा इशारा. का लावू नये, हे माहीत असलेले गृहस्थ निवृत्त झाले. एक स्विच दाबला की काहीच होत नाही, निदान या खोलीत. पलीकडे जुन्या पद्धतीचा चौकोनी रेग्युलेटर. एक ते चारपर्यंत पंखा विचार करतो, पाचवर सुटतो. या जुन्या रेग्युलेटरात पंखा हळू केला तरी वाचलेल्या विजेचा बराचसा भाग त्या डबीतच तापून जायचा. म्हणजे काटकसर करणाऱ्याला फक्त वारा कमी मिळायचा.

अशा बोर्डासमोर नवखा माणूस उभा राहिला आणि त्याला एकच पंखा लावायचा असला की पेटीवर सूर शोधावा तशी त्याची बोटं फिरू लागतात. हा दाबला, खोलीतल्या ट्यूब लागल्या. तो दाबला, व्हरांड्यातला दिवा लागला. आणखी एक दाबला, शेजारच्या वर्गातून ओरडण्याचा आवाज आला. अकराव्या स्विचला डोक्यावरचं पातं हलतं आणि माणूस सुखावून खुर्चीत बसतो. आधीचे दहा तसेच. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. उत्तर मिळालं की प्रयोग थांबवायचा, ही विद्यापीठाची मान्य संशोधनपद्धती आहे. ऊर्जाबचत सप्ताहात याच बोर्डावर एक हिरवा स्टिकर येतो: ‘बाहेर पडताना दिवे बंद करा.’ तो नेमका ‘पंखा’ या अक्षरांवर चिकटवलेला असतो.

या बाबतीत अमेरिकाही आपल्या पुढे नव्हती. आर्थर रोझेनफेल्ड हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, खुद्द एन्रिको फर्मी यांचे विद्यार्थी. १९७३ च्या नोव्हेंबरात अरबांनी तेल रोखलेलं, पेट्रोल पंपांवर रांगा. एका शुक्रवारी संध्याकाळी हे प्राध्यापक घरी निघताना मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतले दिवे बंद करावेत म्हणून गेले, तर स्विचच सापडेनात. कोणता फायलींच्या कपाटामागे, कोणता पुस्तकांच्या मांडणीमागे, कोणता पोस्टरखाली. अणूच्या पोटातले कण शोधणाऱ्या माणसाला भिंतीवरचा स्विच शोधायला घाम गाळावा लागला. पुढे त्यांनी कणभौतिकी बाजूला ठेवून ऊर्जेची कार्यक्षमता हाच आयुष्याचा विषय केला. ट्यूबच्या इलेक्ट्रॉनिक चोकचा विकास बर्कलीच्याच प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झाला. आता त्यांच्या नावाने बचतीचं एक माप आहे: एक ‘रोझेनफेल्ड’ म्हणजे वर्षाला तीन अब्ज युनिटांची बचत.

हे सगळं शक्य झालं, कारण त्यांना कपाट सरकवता आलं. आमच्याकडचं कपाट सरकत नाही. ते डेड स्टॉक रजिस्टरात ‘खोली क्रमांक चार, पूर्व भिंत’ असं नोंदलेलं आहे आणि ते पश्चिमेला न्यायचं तर विभागप्रमुखांचं पत्र लागतं. रिकामं करावं म्हटलं तर आत जुन्या उत्तरपत्रिका आहेत, आणि किल्ली ‘हात लावू नये’वाल्या गृहस्थांबरोबरच निवृत्त झाली.

आता ट्यूबकडे वळू. जुन्या जाड ट्यूबवर ४० वॅट असं छापलेलं असायचं. सोबतचा लोखंडी चोक आणखी बारा-पंधरा वॅट खायचा, ते कुठेच छापलेलं नसायचं. वर तो गुणगुणायचाही. परीक्षेच्या हॉलमध्ये ‘शांतता राखा’ असं बजावल्यावर जो एक आवाज उरायचा, तो त्याचा. आणि खाली स्टार्टर. विद्यापीठाची प्रशासनव्यवस्था ज्याला समजून घ्यायची असेल, त्याने स्टार्टर बदलण्याचा प्रसंग एकदा पाहावा. वायरमनमामा बाकावर स्टूल आणि स्टुलावर स्वतः असे उभे असतात. विभागप्रमुख मॅडम खालून विचारतात, “मामा, ही अजून लुकलुकतेच आहे.”

“स्टार्टर गेलाय मॅडम.”

“मग बदला ना.”

“स्टोअरला नाहीत. इंडेंट लावलाय.”

“मग तोपर्यंत?”

“तोपर्यंत शेजारच्या वर्गातला काढून लावतो.”

“आणि शेजारचा वर्ग?”

“त्यांची तक्रार अजून आलेली नाही.”

या व्यवस्थेत विद्यापीठातले सगळे वर्ग आळीपाळीने उजळत आणि एकूण स्टार्टर कधीच कमी पडत नसत. तेवढ्यात जगात एलईडी आला. लाल एलईडी १९६२ पासून होता, मागोमाग हिरवा आला. निळ्यासाठी आणखी तीस वर्षं गेली, आणि निळा नसेल तर पांढरा उजेड नाही, कारण आपला पांढरा एलईडी म्हणजे निळ्या दिव्यावर पिवळसर भुकटीचा थर. तो निळा दिवा साधला जपानमधल्या तिघांनी. इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो हे नागोया विद्यापीठातले गुरुशिष्य, तर शुजी नाकामुरा एका कंपनीत नोकरीला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळून मिळालं. म्हणजे हा दिवा निम्म्याहून अधिक विद्यापीठाच्याच पोटचा. विद्यापीठात मात्र तो सगळ्यांत शेवटी पोचला.

केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना आणली. एलईडी बल्ब स्वस्तात, आणि हप्त्याने घेतला तर पैसे वीजबिलातून फेडायचे. सरकार घाऊक खरेदी करत गेलं तशी बल्बची घाऊक किंमत तीनशेच्या घरातून काही वर्षांत चाळिसाच्या आत उतरली. आमच्या शिपाईमामांच्या घरी पहिल्या लाटेतच एलईडी लागले. दिवसभर ते विद्यापीठात चोकची गुणगुण ऐकत आणि संध्याकाळी एकविसाव्या शतकात राहायला जात.

एलईडी लावण्यात फायदा किती, हा हिशेब शेंबड्या पोरालाही जमेल. चोकसकट जुनी ट्यूब ५५ वॅट, एलईडी ट्यूब २० वॅट. वाचले ३५. वर्षाला दोन हजार तास धरले तर ७० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सातशे रुपये. नवी ट्यूब मिळते अडीचशे-तीनशेला. पाच महिन्यांत पैसे वसूल, पुढची सगळी वर्षं फुकट. पंख्याचंही तेच. साधा पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी तिशीतला. वर्षाला नव्वद युनिट, नऊशे रुपये. पंख्याला तीन हजार पडले तरी सव्वातीन-साडेतीन वर्षांत वसूल. हा हिशेब ज्याला पटला नाही असा एकही माणूस मला विद्यापीठात भेटलेला नाही. प्रश्न फक्त फाइलचा होता.

फाइल आधी प्रस्ताव म्हणून निघते. मग तांत्रिक समिती ठरते, समितीवर बाहेरचा तज्ज्ञ असावा असं ठरतं, तज्ज्ञाला प्रवासभत्ता कोणत्या दराने द्यायचा हे मात्र ठरत नाही. ते ठरल्यावर अंदाजपत्रक, मग ई-निविदा. एकच निविदा आली तर फेरनिविदा. सगळं जुळून आलं की लेखा विभागाचा शेरा येतो: ‘जुन्या ट्यूब चालू स्थितीत असताना त्या बदलण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा व्हावा.’ आमच्या अभियंत्यांनी खुलाशात प्रामाणिकपणे लिहिलं होतं की त्या चालू आहेत, हीच अडचण आहे. फाइल परत आली.

पाच महिन्यांत किंमत वसूल करून देणाऱ्या दिव्याची फाइल वर्षभर फिरली, की त्या दिव्याची किंमत जुन्या ट्यूबपायी बिलात दोनदा भरून झालेली असते. पण त्याचा कोणाला पत्ता लागत नाही, कारण ते पैसे वेगळ्या लेखाशीर्षातून गेलेले असतात. वीजबिल हा अटळ खर्च. तो कितीही आला तरी मंजूर. दिवे बदलणं हा ‘नवीन खर्च’. तो कितीही कमी असला तरी प्रश्न विचारायलाच हवेत. घरी एकाच खिशातून दोन्ही जातात म्हणून माणूस शहाणा होतो. विद्यापीठाला खिसे फार आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत.

अखेर दिवे बदलले गेले, पण काढलेल्यांचं काय करायचं? निर्लेखन समिती बसली. जुन्या चोकमध्ये तांबं असतं, त्यामुळे चोक मोजायच्या दिवशी झाडून सगळे सदस्य हजर होते. ट्यूबमध्ये पारा असतो, त्यामुळे ट्यूब मोजायच्या दिवशी गणसंख्येअभावी बैठक तहकूब झाली. त्या ट्यूब अजून जिन्याखाली उभ्या आहेत, ताज्या धुळीत, भिंतीला टेकून.

नवे दिवे अर्थातच ‘एल-वन’चे होते. सगळ्यांत कमी दर भरणारा तो एल-वन. शासकीय खरेदीत त्याच्या पलीकडे देव नाही. एलईडीचा दिवा स्वतः बराच टिकतो, पण त्याच्या पोटातला ड्रायव्हर स्वस्तातला असला की आधी तो दम सोडतो. सहा महिन्यांत व्हरांडा लुकलुकायला लागला. वायरमनमामांना त्यात काही नवीन वाटलं नाही. “पहिल्यांदा स्टार्टरमुळे लुकलुकायचे, आता ड्रायव्हरमुळे लुकलुकतात. वॉरंटी आहे, पण वॉरंटीची पावती स्टोअरला आहे.”

स्वस्त ड्रायव्हरचा आणखी एक गुण म्हणजे त्याचा पॉवर फॅक्टर वाईट असतो. इथे जरा शास्त्रात शिरावं लागेल. वायरीतून येणाऱ्या विजेपैकी काही खरंच काम करते. काही नुसती येरझाऱ्या घालते, म्हणजे येते, काम न करता परत जाते, पुन्हा येते. पण तिच्या येण्याजाण्यासाठीही वायर, रोहित्र सगळं राखून ठेवावं लागतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाबाच्या ग्राहकांना केव्हीएएचवर बिल लागू झालं, म्हणजे या येरझाऱ्यांचेही पैसे. आमच्या अभियंत्यांनी हे व्यवस्थापन परिषदेपुढे मांडलं, तेव्हा समजावून सांगायला वेळ लागेल म्हणून बरीच चित्रं आणली होती. काम न करता फक्त ये-जा करणाऱ्यांनाही पूर्ण पैसे मोजावे लागतात, हे वाक्य उच्चारताच सभागृहातल्या प्रत्येकाने समजून मान हलवली. चित्रांची गरज पडली नाही.

आणि मग नॅक आलं. ही उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद १९९४ पासून आहे. तिच्या सातव्या निकषात विचारलेलं असायचं, सौरऊर्जा आहे का, बायोगॅस आहे का, ग्रीडला वीज देता का, सेन्सरवर चालणारी ऊर्जाबचत आहे का, एलईडी दिवे आहेत का. जितक्या खुणा जास्त, तितके गुण जास्त. आणि प्रत्येक खुणेला पुरावा म्हणून जिओटॅग केलेला फोटो. त्या काळात विद्यापीठात एकेका बल्बखाली प्राध्यापक मोबाइल वर धरून उभे असत. बल्बचा अक्षांश आणि रेखांश नीट उमटेपर्यंत खाली यायचं नाही. पृथ्वीवर आपला बल्ब नेमका कुठे आहे हे आम्हाला त्या वर्षी सेकंदाच्या अंशापर्यंत कळलं. त्याचा स्विच कुठे आहे हे मात्र त्या तक्त्यात विचारलेलं नव्हतं.

समितीच्या भेटीच्या दिवशी ऊर्जाबचत ठळकपणे दिसावी म्हणून सकाळी आठपासून प्रत्येक खोलीतला प्रत्येक एलईडी लावून ठेवला होता. खिडक्यांचे पडदे ओढले होते, नाहीतर सूर्यप्रकाशात दिवे लागल्याचं कळलं नसतं. स्वागत सभागृहात होतं. २०२० च्या जानेवारीपासून स्टार रेटिंगचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, पण विद्यापीठात रिमोट कुलगुरूंच्या स्वीय सहायकांकडे असतो आणि त्यांचा आवडता आकडा १८ आहे. पाहुण्यांना शाल-श्रीफळ देण्यात आलं. सत्काराची शाल सत्कारमूर्तीने लगेच अंगभर लपेटून घेतल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

सेन्सरची खूणही करायची होती, म्हणून अभ्यासिकेत आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सेन्सर बसवले. हे सेन्सर माणसाच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेची हालचाल टिपतात. कोणी हललं की दिवा लागतो. काही मिनिटं कोणी हललं नाही तर खोली रिकामी समजून मालवतो. परदेशी कचेऱ्यांसाठी हे उत्तमच असणार. पण ते ज्यांनी बनवलं त्यांनी एमपीएससीचा उमेदवार पाहिलेला नव्हता. मांडीवर पुस्तक, कपाळावर हात, आणि राज्यघटनेच्या एखाद्या अनुच्छेदावर तासभर खिळलेली नजर. पानसुद्धा उलटत नाही, कारण ते पाठ व्हायचं असतं. पंचवीस जण खोलीत जिवंत बसलेले असताना सेन्सरने ‘कोणी नाही’ असा निर्वाळा दिला आणि रात्री नऊ वाजता अंधार केला. पोरांनी दोन दिवसांत तोड काढली: आळीपाळीने एकाने दर पाच मिनिटांनी हात वर करून हलवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, आत मतदान चालू आहे.

परीक्षेच्या हॉलमध्ये वेगळंच घडलं. पर्यवेक्षकांनी सतत फिरत राहावं हा नियम जुनाच होता, पण खुर्चीत बसून तो पाळण्याची पद्धत होती. सेन्सर लागल्यापासून बसले की अंधार. त्या वर्षी हा नियम विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच काटेकोर पाळला गेला आणि कॉपीच्या केसेस एकदम वाढल्या. परीक्षा विभागाला हे फार आवडलं, प्राध्यापक संघटनेला मुळीच नाही. अखेर मामांनी एका शनिवारी सेन्सर बायपास केले. आता ते दिवे चोवीस तास जळतात. कोणाला वाईट वाटत नाही, कारण एलईडी आहेत. त्यांना वीज ती किती लागते! विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये लिहून ठेवलं होतं की इंजिन काटकसरी झाल्याने कोळसा वाचत नाही, उलट वापर वाढतो. त्याला आमची अभ्यासिका पाहायला मिळाली असती तर एक प्रकरण वाढवता आलं असतं.

मधल्या काळात नवे वित्त अधिकारी आले. त्यांना बिल आणि स्विच यांच्यामधलं अंतर पहिल्याच महिन्यात दिसलं, कारण त्यांना अजून सवय झाली नव्हती. त्यांनी प्रत्येक विभागाला सबमीटर बसवला आणि दर महिन्याचे युनिट परिपत्रकात विभागवार छापायला सुरुवात केली. दंड नाही, बक्षीस नाही, नुसते आकडे. एवढ्यावर विद्यापीठ ढवळून निघालं. वर्षानुवर्षं कोणतंही परिपत्रक न वाचणारी माणसं ते परिपत्रक स्टेशनरी दुकानात झेरॉक्स काढून खिशात बाळगू लागली. रसायनशास्त्र सगळ्यांत वर होतं. त्यांचं म्हणणं, आमच्या प्रयोगशाळेतले धुराडी पंखे बंद केले तर विभाग वाचेल पण विद्यार्थी वाचणार नाहीत. आमचा मराठी विभाग तळाला होता आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटला. इंग्रजीवाल्यांनी मात्र आमची खोली अकराच्या आधी उघडतच नाही, अशी कुजबुज सुरू केली.

मग खरी बचत सुरू झाली. प्राध्यापक खोलीबाहेर पडताना मागे वळून पंखा बंद करू लागले. कपाटं सरकली, पत्र, किल्ली, पूर्व भिंत, काही आडवं आलं नाही. बोर्डावरच्या सोळा स्विचांना पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका दुपारी नावं घातली. त्याच जोमाने भौतिकशास्त्राचा फ्रीज रात्रीत एक्स्टेन्शन बोर्ड लावून संख्याशास्त्राच्या सॉकेटवर गेला आणि संख्याशास्त्राने तो तीन दिवसांत आलेख काढून पकडला. व्हरांडा कोणाच्याच मीटरवर नको होता, म्हणून दोन्ही बाजूंच्या विभागांनी तो मालवून टाकला आणि लोक मोबाइलचा टॉर्च लावून स्वच्छतागृहाकडे जाऊ लागले.

बिल खरंच उतरलं. तेव्हा वित्त अधिकाऱ्यांना वाटलं, आता एक पाऊल पुढे जावं. परिपत्रक निघालं: पुढच्या आर्थिक वर्षात जो विभाग जेवढी वीज वाचवेल, त्या रकमेतला निम्मा वाटा त्या विभागाला, पुस्तकं घ्या, खुर्च्या घ्या, काहीही घ्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्थशास्त्र विभागाने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी परिपत्रकाची शेवटची ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं, ‘बचत मोजण्यासाठी चालू वर्षाचा वापर आधारभूत धरण्यात येईल.’

त्या संध्याकाळपासून अर्थशास्त्राच्या मजल्यावर सगळे दिवे लागलेले दिसू लागले. रात्री दहालाही पंखे गरगरत होते. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, कोणाचा तरी प्रबंध सादर व्हायचा असेल. मग त्यांच्या शिपाईमामांकडून आमच्या शिपाईमामांना आणि त्यांच्याकडून आम्हाला उलगडा झाला: यंदा जेवढी जाळाल, पुढच्या वर्षी तेवढी वाचवाल.

आमच्या विभागाची तातडीची बैठक झाली. ३१ मार्चपर्यंत विभागातला एकही दिवा, पंखा वा कूलर बंद करू नये, असा ठराव मंजूर झाला. अनुस्वारापासून अभ्यासक्रमापर्यंत कशावरही आजवर एकमत न झालेल्या आमच्या विभागाचा एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव.